फँकोनी ॲनिमिया आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट: नाशिकच्या घरांतून येणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. माझ्या भाचीला फँकोनी ॲनिमिया. तिचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे निरोगी माणसाचा मगज तिच्या शरीरात रुजवणं, झालं तेव्हा घरात वाटणीच झाली होती: ताई वॉर्डात लेकीजवळ, दाजी पैशांच्या मागे आणि फायली माझ्याकडे. सिस्टर मला 'फायलीवाले मामा' म्हणायच्या. त्याला आता सात वर्षं झाली. तेव्हापासून सिडकोतून, निफाडहून, मालेगावहून, एकदा तर पार नवापूरहून फोन आले. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. औषध, डोस आणि तारीख ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम. आम्हाला जे उशिरा कळलं ते तुम्हाला लवकर कळावं, एवढ्यासाठी हे.

ॲनिमियाच आहे ना? मग लोहाच्या गोळ्यांनी का नाही जात?

नावाने फसू नका. या आजारात लोह कमी नसतं, रक्त तयार करणारा कारखानाच बंद पडत जातो. १९२७ साली ग्विडो फँकोनी या स्विस बालरोगतज्ज्ञाने एकाच घरातल्या तीन भावांमध्ये हा आजार नोंदवला, म्हणून त्याचं नाव. हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोन मॅरो, हळूहळू ओस पडतो. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही घटत जातात.

मूळ दोष डीएनएच्या दुरुस्तीत असतो. जॅकेटची चेन डोळ्यांसमोर आणा. चेनच्या दोन्ही बाजूंचे दात मध्येच गोंदाने चिकटले तर ती ना उघडते ना लागते. आपल्या पेशींत डीएनएच्या दोन धाग्यांचं असं चिकटणं अधूनमधून होतच असतं, आणि पेशी तो भाग कापून, शिवून नीट करते. फँकोनीत ही शिवणकाम करणारी टोळीच अपुरी असते. गुणसूत्रं तुटतात, पेशी मरतात, आणि ज्या मरत नाहीत त्यांतल्या काही पुढे बिघडतात. ही चेनची गोष्ट लक्षात ठेवा, केमोच्या प्रश्नात ती परत येणार आहे.

आमच्या मुलाला आधी डेंग्यू सांगितला होता. नेमकं निदान होतं कसं?

आमचंही असंच झालं. श्रावणातले दिवस, घरोघरी ताप, आणि भाचीच्या प्लेटलेट ३२ हजार. नाशिकमधल्या एका दवाखान्यात चार दिवस सलाईन लावलं आणि घरी सोडलं. पुढच्या दोन महिन्यांत कुणीतरी पपईच्या पानांचा रस सुचवला, कुणी बीट-गाजर. प्लेटलेट काही वर आल्या नाहीत. डेंग्यूच्या प्लेटलेट आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतात. ज्या सावरत नाहीत त्यांच्याबद्दल प्रश्न विचारायला हवा होता. तो ना त्यांनी विचारला, ना आम्ही.

खुणा आधीपासून होत्या. वर्गात सगळ्यांत बुटकी. पाठीवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे दोन डाग. डाव्या हाताचा अंगठा बारीक आणि लुळा, त्याला आजी 'देवाची खूण' म्हणायची. जुन्या सोनोग्राफीत एकच किडनी दिसली होती, तो कागद कपाटात पडून होता. चारही गोष्टी घरातल्या सगळ्यांना माहीत होत्या, पण त्या एका ओळीत कुणी मांडल्या नव्हत्या. एक सांगून ठेवतो: यांतली एकही खूण नसलेली फँकोनीची मुलंही असतात. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही वाढलेला दिसला, म्हणजे लाल पेशी आकाराने मोठ्या असल्या, तर तोही एक धागा असतो.

निदान पक्कं करणारी चाचणी म्हणजे क्रोमोसोम ब्रेकेज टेस्ट. रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, त्यांना मायटोमायसिन सी किंवा डीईबी नावाचं रसायन देतात आणि गुणसूत्रं किती तुटतात ते मोजतात. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच ही संस्था आहे, तिथे या आजारावर बरीच वर्षं काम चालतं. नमुना हेपारिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या नळीत, ताजा पोचावा लागतो, कारण त्यात जिवंत पेशी हव्यात. रक्त चढवलं असेल तर कधी चढवलं ते सांगा. रक्तातल्या काही पेशींनी आपापला दोष दुरुस्त करून घेतला असेल तर चाचणी फसवू शकते. मग त्वचेच्या पेशींवर तीच चाचणी करतात.

त्यानंतर जीनची तपासणी. या आजाराला कारणीभूत वीसपेक्षा जास्त जीन सापडले आहेत आणि त्यांत फँक-ए सर्वांत जास्त दिसतो. कोणता जीन, हे कळणं फक्त मुलासाठीच महत्त्वाचं नाही. फँक-डी-वन हा जीन म्हणजेच बीआरसीए-टू. तो निघाला तर आई, मावशी, आत्या यांनीही स्तनाच्या कॅन्सरच्या जोखमीबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं.

आमच्या दोन्ही घराण्यांत कुणालाच नाही. आला कुठून?

तुमच्याकडूनच, आणि तुमच्या नकळत. जवळजवळ सगळ्या प्रकारांत आई आणि बाबा दोघंही त्या जीनची एकेक बिघडलेली प्रत बाळगून असतात. दुसरी प्रत चांगली, म्हणून ते ठणठणीत. मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळाल्या की आजार. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. पहिलं मूल आजारी म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. फासा दर वेळी नव्याने पडतो.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवलाचं नाही. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. पण नात्यात लग्न न झालेल्या घरांतही हा आजार होतो. ताई-दाजींचं काही नातं नव्हतं. तरी ताईच्या सासूबाई वर्षभर 'आमच्याकडे असलं काही नाही' म्हणत राहिल्या. जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी चौकोन आणि गोल काढून वंशावळ समजावली, तेव्हा त्या गप्प झाल्या. जमलं तर त्या भेटीला घरातल्या मोठ्यांना सोबत न्या. पुढे आईला समजावत बसावं लागत नाही.

ट्रान्सप्लांटशिवाय भागत नाही का?

काही काळ भागतं. काउंट हलकेच कमी असतील तर नुसतं लक्ष ठेवतात: ठरावीक काळाने सीबीसी, आणि साधारण वर्षातून एकदा बोन मॅरोची तपासणी. डॅनाझोल किंवा ऑक्सिमेथोलोन यांसारख्या पुरुषी हार्मोनच्या गोळ्यांनी साधारण निम्म्या मुलांचे काउंट काही काळ वर येतात. त्यांची किंमतही असते: मुलींना लव येते, आवाज घोगरा होतो, आणि यकृतात गाठी होऊ शकतात, म्हणून सोनोग्राफी करत राहावी लागते. साध्या अप्लास्टिक ॲनिमियाला, म्हणजे मगज ओस पडण्याच्या दुसऱ्या आजाराला, देतात ते एटीजी आणि सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार इथे कामाचे नाहीत. निदान चुकलं तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात, ते असे.

आयुर्वेद, होमिओपॅथी, पंचवटीतले वैद्य याबद्दल दर फोनला विचारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे. भस्मं आणि अज्ञात पुड्या या मुलांना देऊ नका. यकृत आणि किडनी आधीच जपायची असते.

मग करायचं कधी? थांबलं तर काय बिघडतं?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. हिमोग्लोबिन ८ च्या खाली, प्लेटलेट ३० हजारांच्या खाली, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली, असं काही होऊन ते तसंच राहू लागलं की मॅरो गंभीरपणे निकामी झालं असं धरतात. चांगला जुळणारा भाऊ-बहीण हाताशी असेल तर डॉक्टर त्याच्या थोडं आधीच तयारीला लागायला सांगतात. मॅरोच्या तपासणीत गुणसूत्रांचे ठरावीक बदल दिसले, विशेषतः ७ आणि ३ क्रमांकाच्या, तर ल्युकेमियाकडे वाटचाल सुरू झाल्याची भीती असते आणि मग थांबायला वाव उरत नाही.

आम्ही पाच महिने वाया घालवले. आधी दिवाळी होऊ दे, मग भाच्याची, म्हणजे तिच्या भावाची, सहामाही होऊ दे. तेवढ्या काळात भाचीला अकरा वेळा रक्त आणि प्लेटलेट चढवावं लागलं. प्रत्येक पिशवीबरोबर परकी रक्तचिन्हं अंगात जातात, आणि नंतर डोनरच्या पेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. शिवाय लाल रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात साठतं, ते काढायला वेगळं औषध.

म्हणजे निदान, एचएलए (डोनर जुळतो का ती तपासणी), पैशांचे अर्ज या कामांत घाई करा. पहिला दवाखाना सांगेल त्या तारखेला डोळे मिटून ॲडमिट होण्यात मात्र घाई नको. फँकोनीच्या मुलांची ट्रान्सप्लांट याआधी केलेल्या केंद्रातच जा. किती केली आणि त्यातली किती मुलं आज बरी आहेत, हे सरळ विचारा. विचारल्याचा राग येणारे डॉक्टर आम्हाला एकच भेटले, आणि तिथे आम्ही गेलो नाही.

रक्त लागलं तर घरच्यांनीच द्यावं ना?

नाही! ही माझी स्वतःची चूक. पहिल्यांदा प्लेटलेट लागल्या तेव्हा सगळ्यात आधी मशीनवर मी झोपलो. दोन तास हात ताठ ठेवून, वर फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. मुंबईच्या डॉक्टरांनी तो प्रकार ऐकून कपाळाला हात लावला. रक्ताच्या नात्यातल्या माणसांचं रक्त ट्रान्सप्लांटआधी देऊ नये, कारण पुढे डोनर त्याच कुळातला असतो आणि त्याच्या पेशींविरुद्ध शरीर आधीच तयार होऊन बसतं. नातेवाइकांनी दान जरूर करावं, पण ते पेढीत दुसऱ्या कुणासाठी जावं.

रक्त मागताना दोन शब्द चिठ्ठीवर लिहून घ्या: ल्युकोरिड्यूस्ड आणि इरॅडिएटेड. पहिल्यात पांढऱ्या पेशी गाळलेल्या असतात. दुसऱ्यात उरलेल्या लिंफोसाइट, म्हणजे हल्ला करू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी, किरणांनी निकामी केलेल्या असतात. किरण देण्याचं मशीन प्रत्येक पेढीत नसतं, म्हणून एक दिवस आधी फोन करावा. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात आणि सुट्ट्यांत शिबिरं कमी होतात, हे मे महिन्यात ध्यानात ठेवा.

डोनर कोण होऊ शकतो?

पहिली पसंती सख्ख्या भावंडाला, एचएलए पूर्ण जुळला तर. एचएलए म्हणजे पेशींवरची ओळखपत्रं, अर्धी आईकडून आणि अर्धी बापाकडून आलेली. म्हणून एका भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. त्याला स्वतःला आजार नसण्याची शक्यता ७५ टक्के. दोन्ही एकत्र धरलं तर साधारण १९ टक्के. घरात एकच भावंड असेल तर पाचात एक, असं समजा.

दुसरी तपासणी पहिलीपेक्षा महत्त्वाची. भावंड कितीही धट्टंकट्टं दिसो, त्याची ब्रेकेज टेस्ट झाल्याशिवाय त्याच्या पेशी घेऊ नका. फँकोनी असलेलं पण अजून लक्षणं न दिसलेलं भावंड डोनर ठरलं, तर बिघडलेल्या कारखान्याच्या जागी तसाच कारखाना बसतो. भाच्याचा एचएलए पूर्ण जुळला तेव्हा घरी पेढे आले. ब्रेकेजचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मात्र कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. तो निरोगी निघाला. एक बिघडलेली प्रत असणारं, म्हणजे नुसतं वाहक भावंड चालतं.

भावंड जुळलं नाही तर रजिस्ट्री, म्हणजे स्वेच्छेने नाव नोंदवलेल्या डोनरांची यादी. भारतात दात्री आणि डीकेएमएस या मोठ्या. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. बाहेरचा डोनर मिळण्यात कुळ-प्रदेश यांचा वाटा मोठा असतो, म्हणून आपल्या भागातल्या तरुणांनी नावं नोंदवण्याला अर्थ आहे. तुमच्या मुलाला त्याच शिबिरातून डोनर मिळेल, अशी आशा मात्र धरू नका.

तेही नाही तर अर्धी जुळणी, म्हणजे हॅप्लो. आई किंवा बाबा अर्धे जुळतातच. आई-बाबा वाहक असले तरी चालतात. यात डोनरच्या टी-पेशी, म्हणजे मुलाच्या शरीरावर हल्ला करू शकणाऱ्या पेशी, आधी गाळून घेतात, किंवा ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा थोडी केमो देऊन आवरतात. फँकोनीत ती केमोही कमीच द्यावी लागते, त्यामुळे हे काम अनुभवी हातांचं.

छोट्या भावाच्या अंगावर सुई घालायची, त्याला काही होणार नाही ना?

भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. पूर्ण भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मॅरो काढतात. मणक्यातून नाही, आणि हाड कापतही नाहीत. ज्याला द्यायचं त्याच्या वजनावर किती काढायचं ते ठरतं. भाची सतरा किलोची, तिच्यासाठी तीनशे मिलिलिटरच्या आसपास लागलं. काढलेलं मॅरो काही आठवड्यांत शरीर भरून काढतं. तीन-चार दिवस कंबर दुखते, लोहाच्या गोळ्या देतात. मोठ्या डोनरला चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन हातातल्या शिरेतूनही पेशी घेता येतात, पण अशा बिगर-कॅन्सर आजारांत मॅरोला पसंती असते, कारण दीर्घकाळ चालणारा जीव्हीएचडी, म्हणजे नव्या पेशींचा शरीरावरचा हल्ला, कमी होतो.

मुलाला विचारा, नुसतं सांगू नका. आमच्याकडे सगळ्यांनी त्याला 'तू हीरो' म्हणून डोक्यावर घेतलं. एका समुपदेशक बाईंनी त्याला एकट्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'माझं मॅरो चाललं नाही तर माझी चूक का?' हे ओझं आम्हा मोठ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

जुळणारं बाळ व्हावं म्हणून पुन्हा मूल होऊ द्यावं का? नाळेचं रक्त साठवलेलं आहे, ते चालेल का?

दुसरा प्रश्न आधी. आजारी मुलाचं स्वतःचं साठवलेलं नाळेचं रक्त त्याला उपयोगाचं नाही, दोष त्याही पेशींत आहे. स्वतःसाठी म्हणून खासगी पेढीत नाळेचं रक्त ठेवायला आयसीएमआरचाही पाठिंबा नाही. निरोगी, जुळणाऱ्या भावंडाचं नाळेचं रक्त ही वेगळी गोष्ट. जगातलं पहिलं नाळेच्या रक्ताचं ट्रान्सप्लांट १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी केलं, आणि तो मुलगा फँकोनीचाच होता. पेशी त्याच्या नवजात बहिणीच्या.

पहिला प्रश्न घराघराचा. मूल हवंच असेल तर घराचा जीनदोष आधी माहीत करून घ्या, म्हणजे गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून वारेचा तुकडा तपासून बाळाला आजार आहे का ते कळू शकतं. फक्त डोनर म्हणून बाळ हवं असेल, तर आजारी मुलाचे काउंट वर्षभर वाट पाहतील का, ते आधी विचारा.

कॅन्सर नाही, तरी केमो का?

जुना मगज हटवल्याशिवाय नवा रुजत नाही, आणि शरीराची प्रतिकारशक्ती शांत केल्याशिवाय परक्या पेशी टिकत नाहीत. आता चेनची गोष्ट आठवा. सायक्लोफॉस्फामाइड हे औषध डीएनएचे धागे नेमके तसेच चिकटवतं. नेहमीच्या मुलाची पेशी ते सावरते, फँकोनीच्या मुलाची नाही. सुरुवातीच्या काळात पूर्ण डोस दिला गेला आणि मुलं औषधानेच गेली. मग डोस उतरवला. साध्या अप्लास्टिक ॲनिमियात किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत देतात, इथे २० ते ४० च्या आसपास. त्याच्या जोडीला फ्लुडाराबिन आणि एटीजी, प्रतिकारशक्ती शांत करायला. किरणोपचार शक्यतो टाळतात. हे बदल झाल्यापासून चांगल्या केंद्रांत, जुळणारं भावंड असेल तर, दहातली आठ-नऊ मुलं तरतात. ब्रेकेज टेस्टवर मी एवढा भर का देतो, ते यावरून कळेल.

प्रत्यक्ष त्या दिवशी काय होतं?

काहीच नाही, खरं सांगायचं तर. सकाळी भाच्याला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. दुपारी एक गडद लाल पिशवी आली, रक्ताच्या पिशवीसारखीच, थोडी तेलकट दिसणारी. भाचीच्या छातीतल्या हिकमन लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीला, जोडली. ती मोबाइलवर कार्टून बघत होती. काचेबाहेरून मी विचारलं, 'काय वाटतंय गं?' तर म्हणाली, 'मामा, रेंज जातेय.' दोन-अडीच तासांत पिशवी संपली. खालच्या मजल्यावर भाच्याने संध्याकाळी मिसळ मागितली, मिळाली इडली.

कठीण दिवस नंतर येतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून तोंडात फोड, थुंकी गिळता येत नाही, केस उशीवर. काउंट शून्याला टेकतात. रोज पहाटे रक्त काढतात आणि दहाच्या सुमाराला रिपोर्ट येतो. त्या कागदाची वाट बघण्यातच दिवस जातो. न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या म्हणतात. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आमच्याकडे सतराव्या दिवशी १२० चा आकडा आला आणि ताई बाथरूममध्ये जाऊन रडली.

जीव्हीएचडी म्हणजे काय?

नव्या पेशींना जुनं शरीर परकं वाटतं आणि त्या हल्ला करतात. सुरुवातीला तळहात-तळपायांवर लाल पुरळ, जुलाब, कावीळ. ते होऊ नये म्हणून सायक्लोस्पोरिन बरेच महिने चालतं, रक्तातली पातळी मोजून. तपासणीच्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतरच घ्यायचा. हे विसरलात तर आख्खी फेरी वाया जाते. आमची दोनदा गेली.

आहाराच्या कागदावर ग्रेपफ्रूट बंद लिहिलंय. म्हणजे द्राक्षं बंद?

हा प्रश्न फक्त नाशिकहून येतो आणि दर हंगामात येतो! ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते मोसंबीच्या कुळातलं, पपनसाचं भावंड. ते, आणि पपनससुद्धा, सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढवतं, म्हणून बंद. द्राक्षाचा त्या औषधाशी असा काही झगडा नाही. तरीही सुरुवातीच्या महिन्यांत द्राक्षं देऊ नका, कारण वेगळं आहे: साल काढता येत नाही, घडाच्या आत धूळ आणि फवारा राहतो, धुऊन मन भरत नाही. केळं, मोसंबी अशी जाड सालीची फळं आधी सुरू होतात. घरात दोन एकर थॉमसन असून भाचीने दोन हंगाम द्राक्ष चाखलं नाही.

हे नाशिकला होतं का, की मुंबईच गाठायची?

मुंबई, पुणे किंवा आणखी लांब. फँकोनीचा अनुभव जिथे आहे तिथे. मुंबई १६५ किलोमीटरच्या आसपास. तपासणीच्या फेऱ्यांना पंचवटी एक्स्प्रेस सोयीची होती, दादरला उतरून परळ जवळच. काउंट कमी असताना मात्र ट्रेन नको, गाडीच करा. आता समृद्धी झाल्यामुळे कसारा घाटात अडकण्याची भीती गेली. ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले शंभर दिवस हॉस्पिटलजवळ राहावं लागतं. धर्मशाळा आधीच्या फेऱ्यांना ठीक, नंतर वेगळं संडास-बाथरूम असलेली खोलीच हवी. तो खर्च अंदाजपत्रकात कुणी लिहून देत नाही.

खर्च किती? मदत कुठून?

खासगीत जुळणारं भावंड असेल तर १० ते १५ लाखांच्या घरात, अर्ध्या जुळणीत २० लाखांच्या पुढे. जंतुसंसर्ग झाला तर आकडा वाढतो. धर्मादाय आणि पालिकेच्या केंद्रांत बराच कमी. मुंबई महापालिकेचं बोरिवलीला मुलांच्या ट्रान्सप्लांटचं केंद्र आहे.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट: केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात फँकोनी ॲनिमिया पहिल्या गटात आहे, म्हणजे एकदाच्या उपचाराने सुधारणारे आजार. मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत, पण फक्त ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत. मुंबईत केईएम त्यांपैकी एक. तिथे नोंदणी निदानाच्याच महिन्यात करून टाका. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही करा. महात्मा फुले योजनेत नेमकं काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. ऑनलाइन वर्गणी काढताना मुलाचा फोटो टाकण्यापूर्वी दहादा विचार करा. तो फोटो इंटरनेटवर कायमचा राहतो, आणि मूल मोठं होणार आहे.

नाशिकला परत आल्यावर काय सांभाळायचं?

ताप १००.४ झाला की थांबायचं नाही. लाइन लावलेल्या मुलाला पहिलं अँटिबायोटिक तासाभरात मिळायला हवं. मुंबई तीन-चार तासांवर, म्हणून गंगापूर रोड असो की सातपूर, घराजवळच्या बालरोगतज्ज्ञांना ट्रान्सप्लांटवाल्या डॉक्टरांचं पत्र आधीच देऊन ठेवा: कोणतं औषध, किती, कुणाला फोन. रात्री दोन वाजता हे समजावत बसायला वेळ नसतो.

घराशेजारी बांधकाम चालू असेल तर धुळीतल्या बुरशीची भीती असते. गॅलरीतली कबुतरं हलवा, कुंड्या काही महिने बाहेर. रामकुंडावर स्नान, सप्ताह, लग्नं बंद. २०२७ चा सिंहस्थ ज्यांच्या पहिल्या वर्षात येतोय त्यांनी पाहुण्यांना आत्ताच कळवून टाकावं. नाशिकच्या घराला कुंभात पाहुणे चुकत नाहीत.

लसी सगळ्या नव्याने द्याव्या लागतात. जिवंत जंतूंच्या लसी दोन वर्षं झाल्यावर, आणि औषधं थांबल्यावरच. पल्स पोलिओच्या रविवारी घरातल्या दुसऱ्या बाळाला तोंडातून डोस देण्याआधी विचारा, तो विषाणू शौचातून बाहेर पडतो. इंजेक्शनची लस असते.

ट्रान्सप्लांट झालं म्हणजे आजार गेला ना?

रक्ताचा आजार गेला, फँकोनी गेला नाही. तोंडाच्या, घशाच्या, त्वचेच्या पेशी जुन्याच आहेत आणि त्यांची दुरुस्ती अजूनही लंगडी. तोंड, घसा, अन्ननलिका आणि मुलींमध्ये गुप्तांग इथल्या कॅन्सरची जोखीम आयुष्यभर राहते, आणि ट्रान्सप्लांटनंतर, विशेषतः जीव्हीएचडी झाला असेल तर, ती वाढते. तो झाला तर नेहमीची केमो आणि रेडिएशन झेपत नाही, म्हणून लवकर सापडणं हाच मार्ग.

यात डॉक्टरांपेक्षा घराचं काम जास्त. दर सहा महिन्यांनी तोंडाची तपासणी. एचपीव्हीची, म्हणजे अशा काही कॅन्सरमागे असणाऱ्या विषाणूवरची लस, मुलगा असो वा मुलगी. गरज नसताना एक्स-रे, सीटी स्कॅन नको. दारू नाही. आणि तंबाखू! दाजी तोवर वीस वर्षं चुना-तंबाखू मळायचे. भाची डिस्चार्ज होऊन घरी आली त्या दिवशी डबी देवघरामागे लपवली होती. तिनेच शोधून काढली आणि संडासात ओतली. त्यानंतर घरात डबी आलेली नाही.

थायरॉईड, वाढ, साखर, पाळी यासाठी हार्मोनच्या डॉक्टरांकडेही जावं लागतं. पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. हे मुलीला कोणत्या वयात सांगायचं यावर ताईचं आणि माझं अजून एकमत नाही.

रक्तगट बदलतो म्हणतात, खरं का?

डोनरचा गट वेगळा असेल तर हो, काही महिन्यांत. भाची बी पॉझिटिव्ह होती, आता भावासारखी ओ पॉझिटिव्ह आहे. मधल्या काळात दोन्ही दिसतात, तेव्हा कोणतं रक्त द्यायचं हे ट्रान्सप्लांट केंद्रच सांगतं. पेढीला जुनी चिठ्ठी दाखवू नका. शाळेच्या ओळखपत्रावर सहावीपर्यंत बी पॉझिटिव्हच छापून येत होतं. दोन वेळा अर्ज देऊन बदललं नाही, तेव्हा तिने स्वतः पांढरी शाई लावून वर पेनाने ओ लिहिलं आणि मुख्याध्यापिकांनी ते खपवून घेतलं.